दारातून येणारा माणूस

माझ्या पोरीला दारात माणूस आला की उठून उभं राहायची सवय होती, आणि अकोल्याच्या एका मशीननं त्या सवयीला आजार ठरवलं. मला एवढंच सांगायचं आहे. पण एवढंच सांगितलं की लोक म्हणतात, असं कसं होईल, तुमचाच काहीतरी गैरसमज झाला असेल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

पोरगी तेव्हा चौथीत होती. एका जागी बसणं तिच्या अंगातच नाही. जेवताना एक घास ताटावर, दुसरा अंगणात, तिसरा खिडकीच्या गजांना धरून. शाळेत बाई एक सांगणार, तोवर ही वहीच्या मागच्या पानावर बाईंच्या साडीचे काठ काढून मोकळी. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हिचं लक्ष टिकत नाही, हालचाल आवरत नाही, मेंदूची घडणच जन्मापासून तशी आहे. यात कोणाची चूक नाही, औषधानं आणि सरावानं पुष्कळ फरक पडतो, असंही म्हणाले. खरं सांगते, मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते. दरवर्षी माझ्या वर्गात अशी एखादी पोट्टी असतेच, जी मी फळ्यावर मापं समजावत असताना रस्त्याकडे पाहत बसते आणि मशीनवर बसवली की सगळ्यांच्या आधी कॉलर लावून देते. अशा पोरी मला कळतात.

शाळेला कळत नव्हत्या. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या तशी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. खुर्ची दिली, गोड बोलल्या. म्हणाल्या, हिच्यामुळे वर्गातल्या इतर मुलांचं नुकसान होतं, पालकांच्या तक्रारी येतात. पाचवीला आमच्याकडेच ठेवायचं असेल तर सुधारणा झाल्याचा रिपोर्ट आणा, नाहीतर तिच्यासाठी वेगळी शाळा असते ती पाहा. मी म्हटलं, असं काढता येत नाही, कायदा आहे. त्या म्हणाल्या, अहो, कायदा आम्हालाही माहीत आहे, आम्ही तिच्या भल्याचं बोलतोय. भल्याचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर त्यांची हुशारी. मला कायद्यानं लढून तिला त्या वर्गात बसवता आलं असतं, पण मग रोज साडेपाच तास त्या वर्गात तिलाच बसायचं होतं, मला नाही. तिच्या दोन्ही मैत्रिणी त्याच वर्गात होत्या, आणि दुसरी कोणतीही मैत्रीण करायला तिला वर्ष वर्ष लागतं. म्हणून मी दात आवळून रिपोर्ट आणते म्हटलं.

अकोल्याचं केंद्र डॉक्टरांनीच सुचवलं. तिथे मुलांच्या डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखं एक खोकं बांधतात आणि आत आख्खा वर्ग दिसतो. मान डावीकडे वळवली की खिडकी, उजवीकडे वळवली की दार, समोर फळा. फळ्यावर एकामागून एक आकडे येतात. सात आला की हातातलं बटन दाबायचं, बाकी आकड्यांना हात लावायचा नाही. मधेच खिडकीबाहेरून बस जाते, कोणाची पेन्सिल पडते, कागदाचं विमान येतं. या सगळ्याकडे न पाहता फळ्यावर नजर ठेवायची. मान कधी वळली, किती वळली, बटन उशिरा दाबलं की भलतंच दाबलं, सगळं मशीन टिपून घेतं आणि शेवटी रेघ काढून दाखवतं. कल्पना वाईट नाही. खऱ्या वर्गात एखाद्या पोराची परीक्षा घ्यायला तुम्ही रोज त्याच वेळी तीच पेन्सिल पाडू शकत नाही, इथे पाडता येते.

नवरा नोकरीनं गडचिरोलीला, तेव्हा दर शनिवारी आम्ही दोघीच. बडनेऱ्याहून गाडी, पोरगी खिडकीशी, जेवणाच्या डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी. मूर्तिजापूर येईस्तोवर ती आख्ख्या डब्याला ओळखत असे. कोणाची पोरगी कुठे दिली, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तिला माहीत. आणि या पोरीचं कशातच लक्ष नाही म्हणून आम्ही चाललो होतो अकोल्याला.

केंद्रातल्या मॅडम पुण्याकडच्या, वयानं तरुण. वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. पोरीशी प्रेमानं बोलायच्या, खोकं बांधताना केस ओढले जाणार नाहीत याची काळजी घ्यायच्या. आत तिला जे दिसतं ते बाहेर टीव्हीवर मलाही दिसायचं. पहिल्या दिवशी मी पाहत होते. बस गेली, हिनं पाहिलं नाही. पेन्सिल पडली, किंचित मान हलली. सात आला, बटन दाबलं. माझा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात त्या वर्गाचं दार उघडलं आणि हातात फाइल घेतलेला एक माणूस आत आला. पोरगी खुर्ची मागे सारून ताडकन उभी राहिली. डोळ्यांवर खोकं, हातात बटन, आणि रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जय भीम, काका."

फळ्यावर सात येऊन गेला. पुन्हा सात आला. तो माणूस इकडेतिकडे बघून निघून गेला, तेव्हा ही खाली बसली. वायर ओढली गेली म्हणून मशीननं लाल पाटी दाखवली.

मला हसू आलं. मॅडमना नाही आलं. त्यांनी लिहून घेतलं, आवेगानं हालचाल. दुसऱ्या फेरीत माणूस आला, ही उभी. तिसऱ्या फेरीतही तेच. शेवटी जी रेघ निघाली ती बरी चालली होती, अन् जिथे जिथे तो माणूस आला तिथे तिथे खड्ड्यात गेली होती.

मी म्हटलं, "मॅडम, ती खेळून नाही राहिली. माणूस आला म्हनून उठून राहिली. आमच्या घरात तसंच शिकवलं हाय."

"हो, पण तो व्यत्यय म्हणून ठेवलेला आहे. त्याच्याकडे लक्ष द्यायचंच नाहीये."

"बस व्यत्यय हाय, समजलं. पेन्सिल समजलं. माणूस कसा व्यत्यय होईन?"

"ताई, तो खरा माणूस नाहीये."

"मंग तिले काय सांगू मी? खरा वाटला तर ऊठ, खोटा वाटला तर बस?"

मॅडमनी शांतपणे समजावलं. वर्गात असताना लक्ष फळ्यावर. कोणीही आलं तरी. मी विचारलं, कोणीही? त्या म्हणाल्या, कोणीही. मग त्या माणसाला तिथून काढून टाका, असं मी म्हटलं. तर हा कार्यक्रम बाहेरून बनून आलेला, त्यात आम्हाला काही बदलता येत नाही, असं उत्तर. ज्या कोणी तो वर्ग बनवला त्याच्या गावात मोठं माणूस आल्यावर पोरं उठत नसतील. न उठोत. त्यांचं त्यांना लखलाभ. पण माझ्या पोरीला मापायला ती फूटपट्टी अकोल्यापर्यंत आणताना कोणाच्या डोक्यात एवढंही आलं नाही, यानं माझं पित्त खवळलं ते आजतागायत खाली बसलेलं नाही.

परतीच्या गाडीत पोरगी खिडकीचे गज धरून बसली. मग म्हणाली, "आई, त्या वर्गात एकही पोट्टं उठलं नाई. तो काका आला, साऱ्याईकडं पायलं अन् चालला गेला. त्याले काय वाटलं असन?"

ज्या पोरीला दुसऱ्याचं काही सुचत नाही असं शाळेच्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं होतं, तीच ही पोरगी.

आता ही सवय तिला कोणी लावली ते सांगते. माझ्या सासऱ्यांनी. एसटीत ड्रायव्हर होते, आता घरीच असतात. आमचं गाव भातकुलीकडचं. त्यांच्या वडिलांना दुसऱ्याच्या अंगणात उभंच राहावं लागे, बस म्हणायची कोणाची रीत नव्हती. सासरे याविषयी फार बोलत नाहीत. पण नात चालायला लागली तेव्हापासून त्यांनी तिला एकच शिकवलं. घरात कोणीही येऊ दे, साहेब येऊ दे की भंगारवाला, आपण उठायचं, जय भीम म्हणायचं, बस म्हणायचं, पाणी द्यायचं. मी एकदा म्हटलं होतं, मामाजी, प्रत्येकासाठी काय उठायचं. ते म्हणाले, "आमच्या बापाले उभं ठेवत होते. आपुन आपल्या मर्जीनं उठतो. लय फरक हाय त्याच्यात."

एका जागी न बसणाऱ्या पोरीनं ही एक गोष्ट मात्र कधी चुकवली नाही. टीव्हीवर कितीही आवडीचं चालू असो, दार वाजलं की ती उभी.

मॅडमनी घरी सराव सांगितला. पोरीला खुर्चीवर बसवा, पाटीवर आकडे लिहून दाखवा, आणि घरातल्या कोणाला तरी मधूनमधून दारातून आत यायला सांगा. तिनं उठायचं नाही, पाहायचं नाही. नीट जमलं की शाबासकी द्या. घरात मी आणि सासरे. मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगितलं असेल ते माझं मला माहीत. शाळेचं सगळं त्यांना ठाऊक होतं. ते उठले. चप्पल घालून बाहेर गेले आणि माझी एक जुनी फाइल काखेत धरून दारातून आत आले.

पोरगी उठली. मी म्हटलं, बस. ते बाहेर गेले, पुन्हा आले. ती अर्धी उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आबाजी आले ना वं," असं ती म्हणाली. मी म्हटलं, आले तर आले, तू पाटीकडं पाय. असा आमचा खेळ रोज संध्याकाळी चालायचा. शेजारीण पाहून गेली आणि मला विचारलं, तुमच्या सासऱ्यांचं डोकं ठीक आहे ना, सारखे आतबाहेर करतात. तिला काय सांगणार, कपाळ?

मग एका संध्याकाळी ते आत आले, कोपऱ्यापर्यंत गेले, खाकरले, आणि पोरीची नजर पाटीवरून हलली नाही. मी सात लिहिला, तिनं टाळी वाजवली. आमचं तसं ठरलं होतं, बटनाच्या जागी टाळी. मी शाबास म्हटलं. सासरे घटकाभर तिथेच उभे राहिले. नंतर म्हणाले, "जमलं तिले," आणि मागच्या नळावर जाऊन बराच वेळ पाय धूत बसले. मी पोळ्या टाकायला गेले. त्या रात्रीच्या सगळ्या पोळ्या मी करपवल्या, रागानं. शाळेवर राग, त्या खोक्यावर राग, आणि जमलं म्हणून मला आनंद झाला होता त्याचाही राग.

अकोल्याची रेघ वर चढायला लागली. खोटं कशाला बोलू, नुसती तीच चढली नाही. पोरगी गणित अर्ध्यात टाकून उठायची, ती आता गणित पूर्ण करायला लागली. आपला नंबर येईस्तोवर थांबायला लागली. सराव कामाचा होता, औषध कामाचं होतं, हे मी कोणालाही सांगेन. म्हणूनच तर चीड येते. मूठभर चांगलं द्यायला तिच्याकडून एवढं मोठं काढून घ्यायची काही गरज नव्हती. उन्हाळा लागायच्या आधी मॅडमनी रिपोर्ट दिला. सुधारणा समाधानकारक. तो घेऊन मी शाळेत गेले, मुख्याध्यापिका बाई वाचून खूश झाल्या. म्हणाल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं? पाचवीचं पक्कं समजा.

त्यानंतर शाळेत संस्थेचे अध्यक्ष आले. वर्षातून एकदा येतात, वर्गावर्गातून फिरतात. पोरीच्या वर्गात गणिताचा तास चालला होता. अध्यक्ष दारातून आत आले, मागे मुख्याध्यापिका, मागे आणखी कोणी फाइलवाले. सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात गुड मॉर्निंग म्हणाला. एक पोरगी बसून राहिली. फळ्यावरून तिची नजर हलली नाही. बाईंनी नावानं हाक मारली, तरी हलली नाही. अध्यक्षांनी विचारलं, ही कोण? तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, सर, ती तशीच आहे. हे सगळं मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ती सबंध वेळ दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसली होती.

मला शाळेतून फोन आला, ताबडतोब या. गाडी फाटकाशी लावली आणि आत जायच्या आधी मी अकोल्याला मॅडमना फोन केला. म्हटलं, त्यांनी दोन शब्द मुख्याध्यापिकांना सांगावेत. मी घडलेलं सांगितलं. त्यांचा आवाज एकदम खुलला. "ताई, म्हणजे तिनं प्रत्यक्ष वर्गात करून दाखवलं? इतका व्यत्यय असताना? अहो, मशीनवरचं वर्गात उतरत नाही हीच तर आमची मोठी अडचण असते." त्या मनापासून खूश होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एवढंच म्हटलं, "मॅडम, तुमची अडचण सुटली. माझी पोरगी शाळेतून चालली." आणि फोन ठेवला.

ऑफिसात पोरगी आधीच आणून बसवली होती, भिंतीजवळच्या खुर्चीवर. बूट जमिनीला टेकत नव्हते आणि पाय हलत नव्हते. तिचे पाय न हलताना मी पहिल्यांदा पाहिले. मुख्याध्यापिका बाईंनी सुरुवात केली. अध्यक्षांपुढे आमची मान खाली गेली. रिपोर्ट चांगला असेल हो, पण वागणुकीचं काय? मोठ्यांचा मान राखणं हे काही औषधानं येत नाही. संस्कार घरून यावे लागतात. घरचं वातावरण जर... आणि तिथे त्या थांबल्या. ते वाक्य पुढे कुठे जातं ते मला पाठ आहे. आमच्यासारख्यांनी ते लहानपणापासून ऐकलेलं असतं, पूर्ण करावं लागत नाही.

मी बोलले. सगळं सांगितलं. खोकं, वर्ग, फाइलवाला माणूस, मामाजींचं आतबाहेर. बाई माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. म्हणाल्या, बरं, ते असेल, पण अध्यक्ष आणि मशीनमधला माणूस यातला फरक चौथीतल्या मुलीला कळायला हवा ना.

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि शाळेतल्या मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या.

पोरगी खुर्चीवरून अर्धवट उठली. तिथेच थांबली. धड उभी नाही, धड बसलेली नाही, गुडघे वाकलेले, हात खुर्चीवर. आणि माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "आई, आता उठू का?"

मी उभी राहिले. चांगली ताठ, खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली. म्हटलं, "ऊठ बेटा. मोठं माणूस आलं, ऊठ." ती उठली. मावशींना म्हणाली, जय भीम. मावशी ट्रे धरून तशाच उभ्या, त्यांना त्या खोलीत आजवर कोणी उठून दाखवलं नसावं. त्यांनी हळूच जय भीम म्हटलं. मुख्याध्यापिका बाई बसलेल्या होत्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मॅडम, कोणत्या माणसासाठी उठायचं ते आमच्या घरात निवडत नाहीत. तुमच्याकडे निवडत असतील. पोरीला काढायचं असेल तर कारण लिहून सहीनिशी द्या, मी आत्ता घेऊन जाते." लिहायचं म्हटलं की या लोकांचा हात जड होतो. कोणी काही लिहिलं नाही. पोरगी आज त्याच शाळेत पाचवीत आहे, त्याच दोघी मैत्रिणींच्या शेजारी. अकोल्याला आम्ही परत गेलो नाही. सराव घरीच करतो, पाटीवर, दार लावून.

लोक म्हणतात, जिंकलीस. पोरीची जागा राहिली, हे खरं आहे.

पण आता घरात कोणी आलं की ती आधी माझ्याकडे पाहते. गॅसवाला येऊ दे की तिचा सख्खा बाप गडचिरोलीहून येऊ दे. क्षणभरच पाहते, मी मान हलवली की उठते, जय भीम म्हणते, पाणी आणते. सगळं पूर्वीसारखं करते, फक्त विचारून करते. तिला मी हजारदा सांगितलं, विचारू नको. तरी पाहते.

हे सासऱ्यांच्याही ध्यानात आलं. बाजारातून येतात तेव्हा फाटकाशीच चप्पल वाजवतात, खाकरतात, आणि दारात पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच सांगतात, "बस वं, बस. मीच हाय." तिला ठरवायला लागू नये म्हणून. ज्या माणसानं तिला उठायला शिकवलं तोच आता तिला रोज बस म्हणतो, आणि ती बसून राहते.